हळदीचा भाव, बेदाण्याची पावती आणि मार्चअखेर: सांगलीच्या शेतकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी बरीच वर्षं विकास सोसायटीत, म्हणजे गावात पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, गटसचिव होतो; कर्जवसुली हे माझंच काम. आता स्वतःची दोन एकर हळद करतो. फेब्रुवारी उजाडला की ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सरकारी योजनांचे दर आणि अटी अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज करायच्या आधी बाजार समितीत किंवा बँकेत एकदा विचारून घ्या.

आज सांगलीत हळद काय भावानं गेली, हे खात्रीनं कुठं बघायचं?

राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे बाजारभाव मराठीत मिळतात. केंद्राचं ॲगमार्कनेट हे बाजारभावांचं संकेतस्थळ २००० सालापासून आहे, आणि १४ एप्रिल २०१६ पासून ई-नाम हा ऑनलाइन बाजार. मोबाइलवर यातलं काहीही उघडतं. अडचण भाव सापडण्यात नाही, वाचण्यात आहे.

पणन मंडळाच्या तक्त्यात आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. सगळ्यांची नजर जाते जास्तीत जास्त दरावर, आणि तोच व्हॉट्सॲपवर फिरतो. हा दर दिवसभरातल्या एखाद्याच उत्तम लॉटचा असू शकतो, पाच पोत्यांचासुद्धा. आपला माल मध्यम असेल तर सर्वसाधारण दर बघा. त्यासोबत आवक बघा. एका दिवसाचा भाव बघण्यापेक्षा सलग दहा दिवसांची आवक आणि सर्वसाधारण दर वहीत उतरवून काढले, तर बाजार कुठल्या अंगानं चाललाय ते कळतं. आवक वाढत असूनही दर टिकलेला असेल, तर माल उचलणारं गिऱ्हाईक आहे असं समजायला हरकत नाही.

पेपरात उच्चांकी भाव आला आणि माझी हळद त्याच्या कितीतरी खाली गेली. मला फसवलं का?

फसवलंही असेल, पण आधी बाकीच्या शक्यता तपासा. हंगामाच्या पहिल्या सौद्याला पूजा होते, हार-फेटे होतात आणि एका लॉटला चढा भाव लागतो. तो मुहूर्ताचा भाव. फोटो त्याचाच येतो. त्यात लबाडी नाही, पण तो बाजारभावही नव्हे.

दुसरी गोष्ट मालाची. सौद्याला उभं राहून एकदा नीट बघा. खरेदीदार पोत्यातून मूठभर हळकुंडं काढतो, एक उचलतो आणि मोडतो. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडताना कडक आवाज येतो. ओलसर असेल तर ते आधी वाकल्यासारखं होतं आणि मग दबकत तुटतं. नंतर तो तुटलेली बाजू उजेडाकडे धरतो, रंग बघतो, शिजवताना कच्चं राहिलंय का बघतो. पुढच्या पोत्याकडे तो केव्हाच सरकलेला असतो. एवढ्या वेळात आपल्या वर्षाच्या कष्टाची प्रत ठरते. हळकुंड, गड्डा (मधला गोल कंद) आणि कणी (तुकडे) एकत्र भरून आणली तर भाव खालच्या मालाला धरून निघतो, हे मी स्वतः एकदा भोगलंय. घरी दोन बायका लावून निवडून घेतलं असतं तर मजुरी कितीतरी पटीनं वसूल झाली असती.

आता भाव फोनवर कळतात. मग शेतकऱ्याला जास्त पैसे का मिळत नाहीत?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. त्यामुळे जरा लांबड लावतो.

माहितीनं फायदा होतो, याचा पुरावा आहे. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आले. त्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासे फेकून द्यावे लागायचे आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या बंदरावर मासे मिळायचे नाहीत. मोबाइल आल्यावर होडी समुद्रात असतानाच भाव विचारून कुठल्या बंदराला लागायचं ते ठरायला लागलं. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाच्या अभ्यासात कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि ग्राहकाचा भाव ४ टक्के उतरला. आफ्रिकेतल्या नायजरमध्येही मोबाइल आल्यावर बाजाराबाजारातल्या धान्यभावांतला फरक १० ते १६ टक्क्यांनी घटला.

आता आपल्याकडचं बघा. महाराष्ट्रातल्या १०० गावांत एक प्रयोग झाला. काही शेतकऱ्यांना मोबाइलवर रोज बाजारभाव आणि हवामान पाठवलं, काहींना नाही. वर्षानंतर दोघांना मिळालेल्या भावांत दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. मध्य प्रदेशात मात्र आयटीसीनं २००० पासून ई-चौपाल सुरू केल्यावर सोयाबीनचा मंडीतला भाव १ ते ३ टक्के वाढल्याचं अभ्यासात आढळलं. पण तिथं नुसता भाव सांगितला जात नव्हता. सांगणारा स्वतः माल घेतही होता, म्हणजे शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं होतं.

कोळ्याला होडी दुसऱ्या बंदराला वळवता आली. आपल्या हळदवाल्याला काय वळवता येतं? अडत्या (माल विकून देणारा दलाल) ठरलेला, त्याच्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, गाडी भरलेली, आणि घरी सोसायटीची नोटीस. उद्या भाव चढणार हे कळूनसुद्धा आजच विकायला लागत असेल, तर ते कळण्याचा उपयोग फक्त हळहळायला. बाजारभाव मागणी-पुरवठ्यावर ठरत असेल, पण आपल्या विक्रीची तारीख बहुतेक वेळा कर्जाच्या तारखेवर ठरते. हे मी टेबलाच्या पलीकडून बोलतोय. मार्चअखेरच्या वसुलीसाठी लोकांच्या पडवीत बसून "हळद काढून टाका, थकबाकीत जाऊ नका" असं मीच सांगत होतो. त्याच दिवसांत बाजारात आवक सगळ्यात जास्त असायची. गावातल्या शंभर जणांनी माझं ऐकलं की भावाचं काय होणार, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. वसुलीचा तक्ता पूर्ण झाला की माझं काम संपत होतं.

अडत्याकडून उचल घेतली आहे. दुसरीकडे माल घालता येतो का?

कायद्यानं येतो. उचल हे देणं आहे, मालावरची मालकी नव्हे. पण व्यवहार तसा चालत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पुढच्या वर्षी लग्नात, दवाखान्यात रात्री अकरा वाजता पैसे देणारा तोच असतो, आणि ही सोय बँकेत नाही. म्हणून अडत्याला सरसकट शिव्या देणाऱ्यांत मी नाही. फक्त उचलीची किंमत मोजा: व्याज लावलंय का, आणि लावलं नसेल तर ते वजनात, कटतीत किंवा भावात कुठं वसूल होतंय. बिनव्याजी उचल ही बऱ्याचदा सगळ्यात महाग पडते.

शेतमाल तारण कर्ज योजना म्हणजे नेमकं काय?

पणन मंडळाची ही योजना १९९०-९१ पासून आहे, तरी आजही निम्म्या गावाला ती माहीत नसते. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा. त्या दिवशीच्या किमतीच्या ठरावीक टक्के रक्कम कर्ज म्हणून मिळते. हळद, सोयाबीन, तूर अशांना ७५ टक्क्यांपर्यंत, तर ज्वारी, मका, गहू यांना कमी. बेदाणा आणि साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा यांना क्विंटलमागे कमाल रकमेचीही अट असते. व्याज ६ टक्के, मुदत सहा महिने म्हणजे १८० दिवस. मुदत उलटली की व्याज चढतं. माल शेतकऱ्याचाच हवा, व्यापाऱ्याचा चालत नाही. त्यामुळे सातबारावर पिकाची नोंद लागते. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून करायची पिकाची नोंद, केली नसेल तर इथंच गाडं अडतं.

योजना कागदावर सगळीकडे आहे. तुमच्या समितीत या वर्षी गोदामात जागा आणि निधी आहे का, हे मात्र हळद शिजवायच्या आधीच जाऊन विचारा. माल भरलेला ट्रॅक्टर दारात उभा करून विचारू नका.

तारण ठेवून थांबणं परवडतं का? आकड्यांत सांगा.

सोपे आकडे धरू. २० क्विंटल हळद, आजचा भाव समजा १२,००० रुपये क्विंटल. मालाची किंमत २,४०,०००. त्याच्या ७५ टक्के म्हणजे १,८०,००० हातात. चार महिने थांबलात तर ६ टक्क्यांनी व्याज होतं ३,६००, म्हणजे क्विंटलमागे १८० रुपये. ठेवलेली हळद आणखी वाळते. २ टक्के घट धरली तर ४० किलो गेले, त्याचे ४,८००, क्विंटलमागे २४०. दोन्ही मिळून ४२०. चढ-उताराची हमाली वेगळी. म्हणजे चार महिन्यांनी भाव १२,५०० च्या पुढं गेला तर थांबणं पदरात पडलं, नाहीतर नाही.

हेच पैसे शेकडा दोन रुपये महिन्यानं बाहेरून घेतले तर व्याजच १४,४०० होतं, क्विंटलमागे ७२०. घट धरून ९६०. तेव्हा मात्र भाव हजारानं वाढला तरी तुमच्या हातात जेमतेम चाळीस रुपये उरतात. बाकी वाढ सावकाराची.

आता यातली खरी चावी सांगतो. तारणाचे पैसे घरी खर्चू नका, त्यातून सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरा. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर वेळेत परतफेड केली तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज जवळजवळ शून्यावर येतं. थकलात तर ती सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडतं. माल गोदामात, सोसायटी चुकती, आणि विक्रीची तारीख आपल्या हातात, असं जमलं तर तारणाचं ६ टक्के व्याज अजिबात महाग नाही.

केनियाच्या पश्चिम भागात मक्याच्या शेतकऱ्यांवर असाच प्रयोग झाला होता. सुगीला कर्ज दिलं, म्हणजे लगेच मका विकायची वेळ येऊ नये. कर्ज घेतलेल्यांना त्या रकमेवर साधारण २९ टक्के परतावा मिळाला. ज्या भागात बऱ्याच जणांनी कर्ज घेतलं तिथं सुगीत भावाची घसरणही कमी झाली. म्हणजे कर्ज न घेतलेल्या शेजाऱ्यालाही थोडा लाभ झाला.

थांबलो आणि भाव पडला तर?

तर पडला. याला उत्तर नाही. २०१० मध्ये हळदीनं जी उसळी घेतली ती अनेकांना आठवत असेल. त्या भावाकडे बघून लोकांनी उसाचं रान मोडून हळद लावली, आणि पुढच्या दोन वर्षांत भाव निम्म्याच्याही खाली आला. तेजीत थांबलेले सगळे हुशार ठरले, मंदीत थांबलेले सगळे अडकले. माझा स्वतःचा रिवाज असा: निम्मा माल हंगामात विकायचा, देणी भागवायची, निम्मा ठेवायचा. यात सगळ्यात वरचा भाव कधीच मिळत नाही, पण झोप लागते.

जोखीम भावाचीच असते असंही नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. हवा लागत नसल्यानं हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी गेलं आणि कितीतरी पेवं निकामी झाली. पुढं २०१९ आणि २०२१ लाही नदीनं पायरी ओलांडलीच. माल कुठंही ठेवा, गोदामाचा विमा आहे का आणि त्यात पूर धरलाय का, हे विचारल्याशिवाय पावती घेऊ नका.

बेदाणा शीतगृहात आहे. त्याच्या पावतीवर कर्ज मिळतं का?

मिळतं. तासगाव, सांगली, मिरज पट्ट्यात बँका आणि पतसंस्था शीतगृहाच्या पावतीवर कर्ज देतातच. पण पावत्या दोन प्रकारच्या असतात. साधी पावती ही शीतगृहवाला आणि तुम्ही यांच्यातला कागद. दुसरी, वखार विकास व नियमन प्राधिकरणाकडे नोंदलेल्या गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावती. तिला २००७ च्या कायद्याचा आधार आहे, ती हस्तांतरित करता येते आणि एकाच मालावर दोन ठिकाणी कर्ज काढायची गडबड तिच्यात अवघड. किसान क्रेडिट कार्ड असलेल्या लहान शेतकऱ्याला अशा पावतीवर काढणीनंतर सहा महिन्यांपर्यंत व्याज सवलतीचं कर्जही मिळू शकतं. शीतगृह नोंदणीकृत आहे का, हे पेटी आत जाण्याआधी विचारायचं असतं.

बेदाण्याच्या सौद्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे आणि ती इथं लिहिणारच. पेटी फोडून बघतात, मूठ उचलतात, आणि बघून झालेला माल पेटीत परत टाकण्याऐवजी खाली उधळतात. उधळण बंद करायची मागणी शेतकरी संघटना किती दिवस करतायत. ऑक्टोबरात छाटणी, दावण्या या बुरशीरोगामागं फवारणी, मग रॅकवर वाळवण, डोळ्यात तेल घालून पावसाकडे बघणं, आणि शेवटी बेदाणा बुटाखाली. एका मुठीची किंमत फार नसते. पण पंधरा किलोच्या पेटीमागं किती गेलं हे कुणी मोजत नाही, आणि न मोजलेली तूट नेहमी शेतकऱ्याचीच असते. पैशांचंही तसंच: नियम रोखीचा, रिवाज उधारीचा. सौद्याआधी "पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती आणि पैसे, किती दिवसांनी?" हे चारचौघांत मोठ्यानं विचारा.

उसाला कर्ज लगेच मिळतं, हळदीला हात आखडता का?

कारण उसाचं बिल कारखान्यातून येतं आणि सोसायटीची रक्कम परस्पर कापून घेता येते. सचिवाला दारोदार फिरावं लागत नाही. एफआरपी, म्हणजे सरकारनं बांधून दिलेला किमान ऊसदर, ठरलेली (२०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये), ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ते व्याज किती जणांना मिळालं हा वेगळा विषय. पण कर्ज देणाऱ्याला भाव आधी माहीत आणि वसुली हमखास, म्हणून त्याचा ओढा उसाकडे. हळद, बेदाणा विकून पैसे कुठं जातात ते त्याला दिसत नाही. बाजार समितीतली विक्री बँक खात्यावर घेत गेलात तर दोन-तीन वर्षांत बँकेला तुमची उलाढाल दिसायला लागते. रोख पट्टीचा मोह आवरला तर कर्जाचं दार थोडं उघडतं.

किसान क्रेडिट कार्डावर किती मिळतं?

जिल्ह्याच्या तांत्रिक समितीनं ठरवलेला पीकदर गुणिले क्षेत्र. त्यावर काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी १० टक्के, शेतीच्या अवजारांच्या देखभालीसाठी २० टक्के. हे तीस टक्के बरेच जण मागतच नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत जमीन तारण न घेता कर्ज द्यावं असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय. शाखेत कुणी तेवढ्या कर्जासाठी सातबारावर बोजा चढवायला सांगितला तर एवढं वाक्य शांतपणे म्हणा.

सावकाराकडून घेतले आहेत. काय करू?

आधी परवाना आहे का बघा. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारकानं शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्क्यांच्या वर लावायचं नाही. महिन्याला शेकडा पाच-दहा म्हणजे उघड बेकायदा. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे. अवैध सावकारीत जमीन लिहून दिली असेल तर १५ वर्षांपर्यंतचे व्यवहार तपासून ती परत मिळू शकते. कर्जापायी जमीन जाण्याचं दुखणं इथं नवं नाही. १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा ज्या चार जिल्ह्यांसाठी झाला त्यात सातारा होता, आणि तासगाव, वाळवा तेव्हा साताऱ्यातच होते.

वायदे बाजारात हळद विकावी का?

वायदे बाजार म्हणजे पुढच्या महिन्यांचे सौदे आजच ठरवायचे. दहा पोत्यांवाल्यानं त्यात पडू नये. पण तिथले भाव बघायला काही लागत नाही. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारातला हळदीचा वायदा निजामाबाद धरून चालतो. तिथली हळद वेगळी, आपली राजापुरी वेगळी, त्यामुळे आकडा उचलून इथं लावू नका. पुढच्या महिन्यांचा कल कुठं आहे एवढंच घ्या.

सौदा झाला. पट्टी हातात आली. काय तपासू?

वजन प्रत्येक पोत्याचं लिहिलंय का, की एकदम. बारदानाचं वजन किती कापलं. हमाली, तोलाई, वाराई वेगवेगळी दाखवलीय का, की "इतर" म्हणून एक आकडा टाकलाय. उचल वजा केली असेल तर ती कुठल्या तारखेची. खरेदीदाराचं नाव आहे का. बेरीज स्वतः करा, तिथंच उभं राहून, घाई करणाऱ्याकडे लक्ष न देता. चूक सापडली तर बाजार समितीत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पट्टीचा फोटो काढून ठेवा, कारण साध्या कागदावरची शाई पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. माझ्या ट्रंकेतल्या पट्ट्यांवर नुसतं वर्ष वाचता येतं.